रिकामी अवतरणं

केपेच्या बाजारात, नारळ-सुपारीच्या सोसायटीत
जिन्याखालच्या टेबलावर मला बसवलंय.
काम एवढंसं: पावती छापणारा प्रोग्राम
चालतो नीट, पण बोलतो परक्यासारखा.

आधी त्याला नुसतं विचारलं, काही न बदलता,
आमच्या चंदगडच्या स्टँडवर उतरलेल्याला विचारतात तसं:
कुठले तुम्ही?
तो म्हणाला, सी.
एक अक्षर. ना गाव, ना तालुका.
सी म्हणजे अजून कुणी काही न शिकवलेला.
हजारापाशी तो थांबत नाही,
आकडे एका दमात ओकतो,
आणि तारखेआधी महिना सांगतो.
म्हणून चार मार्चच्या पावत्या
सुलक्षा पर्वतकरांनी तीन एप्रिलला लावल्या.
एप्रिल उजाडायचा होता,
फाईल मात्र जाड झाली होती.

विचारायची दुसरी तऱ्हा अशी:
दोन अवतरणचिन्हं द्यायची, मध्ये काही लिहायचं नाही.
म्हणजे, बाबा रे, ज्या घरात राहतोस
तिथली माणसं बोलतात तसं बोल.
यंत्रानं घराचं नाव सांगितलं: अमेरिका.
मडगावच्या दुकानदारानं खोक्यातून काढलं
आणि पुढे, पुढे, पुढे दाबत गेला.
त्यालाही कुणी विचारलं नसणार.

मी घर बदललं. भारत.
तारीख आधी आली, महिना मागे सरकला,
बारा हजारांनंतर स्वल्पविराम टेकला.
खिडकीशी कायतान कुलासो,
लिस्बनला तीस वर्षं बस चालवून आलेले.
पावती लांब धरली, मग जवळ.
"बाय, एकतीस किलांक बारा रुपया?
सेहेचाळीस पैसे, आनी वयर दोन कितें?"
तिकडे स्वल्पविराम म्हणजे पैशांचा उंबरठा,
हजारापाशी बसतो टिंब.
माणूस गंभीर होता की थट्टेत,
मला अजून कळलेलं नाही.
सुलक्षाबाईंना कळलं असावं,
त्यांनी नोटा त्यांच्यासमोर पुन्हा मोजल्या,
मोठ्यानं, कोंकणीत,
आणि वहीत मांडल्या मराठीत,
आणि चेअरमनना फोनवर सांगितल्या इंग्रजीत.
मध्ये कुठे बटण दाबलेलं दिसलं नाही.

रात्री खोलीवर वाचत बसलो.
सगळं एका गावचं असायची सक्ती नाही म्हणे.
अक्षरं एकीकडची घ्यावीत, पैसा दुसरीकडचा,
वेळ तिसरीकडची,
आणि नावांची रांग कुणाच्या मागे कोण उभं राहील
ती चौथ्याच गावच्या रीतीनं.
मी हसलो. हे लिहिणारा कधी
केपेला आला होता काय?

पण प्रोग्राम एकदाच विचारतो,
सकाळी, सुरू होताना, यंत्राला.
खिडकीशी कोण आलंय ते त्याला ठाऊक नसतं.
सुलक्षाबाई दर माणसाला नव्यानं विचारतात,
खरं तर विचारतही नाहीत,
त्याच्या पहिल्या शब्दापर्यंत थांबतात.

आज त्यांनी मलाच गाठलं.
"तुमचं कुठलं लावलंत मग?"
माझ्या आज्यानं गुरं मोजली कानडीत,
आईनं रागावलं मराठीत,
मी चुका शोधतो इंग्रजीत.
"बघतो," म्हटलं, आणि स्क्रीनकडे वळलो.

पावतीच्या तळाला आता रक्कम अक्षरांत छापतो,
बारा हजार चारशे बासष्ट फक्त,
वर कोंकणी, खाली मराठी.
रोमी लिपीचं कायतानबाबांनी सुचवलंय,
कागद पुरला तर करीन.
बाकी सुरुवातीची ती ओळ तशीच ठेवलीय:
दोन अवतरणं, मध्ये काही नाही.

गजांबाहेर कुणीतरी पोतं टेकवलं.
सुलक्षाबाईंनी मान वर केली,
तो काहीतरी म्हणाला,
त्या काहीतरी म्हणाल्या.
कुठल्या भाषेत, ते ऐकू आलं नाही.
प्रिंटर चालू होता.